नाचणीचं बिस्किट आणि लिंबाची बरणी

बाबांचं बीपी वाढलं तेव्हा डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, आणि पाकिटातलं काही खायचं तर बघून खा. पहिली गोष्ट बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखी केली. दुसरी मात्र मनावर घेतली. उभा जन्म बँकेत लेजर तपासण्यात गेलेला माणूस, ‘बघून’ म्हटल्यावर भिंग काढणारच.

पहिला बळी माझा. कोथरूडच्या दुकानातून मी मोठ्या कौतुकाने नाचणीची बिस्किटं नेली होती. पुड्यावर नाचणीचं टपोरं कणीस, मातकट तपकिरी रंग, सगळं कसं सात्त्विक. बाबांनी पुडा उलटा केला आणि मोठ्याने वाचायला लागले. मैदा, साखर, पाम तेल, नाचणीचं पीठ ८ टक्के, इन्व्हर्ट सिरप...

"अगं, हे मैद्याचं बिस्किट आहे. नाचणी नुसती साक्षीला आलीय."

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियमच आहे. आणि पुढच्या बाजूला एखाद्या घटकाचा डंका पिटला, तर तो किती टक्के घातलाय तेही सांगावं लागतं. म्हणून तो ८ चा आकडा, मागे, मुंगीच्या अक्षरात. इन्व्हर्ट सिरप म्हणजेही शेवटी साखरच, फक्त वेगळ्या नावाने आणि वेगळ्या ओळीत.

मग बाबा मीठ शोधायला लागले. मीठ सापडेना, कारण पोषणाच्या तक्त्यात असतं ते सोडियम. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. २००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, म्हणजे डॉक्टरांचीच हद्द. प्रत्येक सर्व्हिंगमागे टक्क्यांचा जो रकाना असतो, तोही हाच आकडा धरून काढतात. त्यात ऊर्जा २००० कॅलरी धरलेली असते आणि वरून घातलेली साखर ५० ग्रॅम. दुपारभर पेपर तोंडावर घेऊन पडणाऱ्या बाबांना २००० कॅलरी कशाला लागतायत, पण सोडियमपुरता तो रकाना त्यांच्या कामाचा होता.

म्हणजे, आधी तसं वाटलं होतं. चिवड्याच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ७६० मिलिग्रॅम सोडियम आणि सर्व्हिंग २० ग्रॅमचं. त्या हिशोबाने दिवसाच्या जेमतेम ८ टक्के. बाबा खूश. मी आईचा वजनकाटा ओट्यावर ठेवला. २० ग्रॅम चिवडा म्हणजे लहान मुलाची मूठ. बाबांची चहाबरोबरची रोजची वाटी भरली ६५ ग्रॅम. म्हणजे एका वाटीत सव्वा ग्रॅमच्या आसपास मीठ. सर्व्हिंग केवढं ते कंपनी ठरवते, वाटी केवढी ते बाबा. तेव्हापासून मी फक्त १०० ग्रॅमचा रकाना बघते. दोन पुड्यांची तुलनाही त्यावरच होते.

तेवढ्यात आईने मोबाइल पुढे केला. सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं, ‘नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम’. असल्या मेसेजवर माझा विश्वास नाही, म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे भारतीय अन्नघटकांचे तक्ते उघडले. २०१७ चे आहेत. देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ पदार्थ तपासलेत. आपल्याकडचं धान्य, आपल्याकडच्या भाज्या. परदेशी ॲपमध्ये अळूची पानं शोधून दमलेल्या माणसाला हे घबाडच.

नाचणी सापडली. ऊर्जा १३४२! मी हबकलेच. मग कळलं, इथे ऊर्जा किलोज्यूलमध्ये आहे. ४.१८ ने भागल्यावर ३२१ कॅलरी, तेव्हा जिवात जीव आला. कॅल्शियम १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम, दुधातलं याच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे मेसेज खरा निघाला, हे मला मान्य करावं लागलं. फक्त हा आकडा कोरड्या धान्याचा आहे, आणि त्यातलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही. ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत १८० च्या आसपास येईल. आमच्या बिस्किटात? १०० ग्रॅम बिस्किटांत नाचणी ८ ग्रॅम, तिच्यातून कॅल्शियम २९ मिलिग्रॅम. अख्खा पुडा संपवला तरी. दुसऱ्या दिवशी बाबा स्वतः गिरणीत जाऊन किलोभर नाचणी दळून आले.

प्रकरण इथे थांबायचं, तर जेवताना बाबांनी लिंबाच्या लोणच्याची फोड घेतली आणि विचारलं, "याचं लेबल कुठाय?"

आई म्हणाली, "लेबल कसलं? किलोभर लिंबं, पाव किलो मीठ, पाव किलो साखर."

बाबांनी ताटाकडेला बोटाने हिशोब मांडला. दीड किलोत पाव किलो मीठ, म्हणजे सहावा हिस्सा. फोड, खारासकट, भरली १५ ग्रॅम. अडीच ग्रॅम मीठ! दिवसाचं अर्धं, एका फोडीत. चिवडा बिचारा उगाच बदनाम झाला.

संध्याकाळी बाबांनी बँकेतल्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहून बरणीवर डकवली: ‘लिंबू, मीठ, साखर. मीठ: १५ ग्रॅमला २.५ ग्रॅम.’

रात्री पाणी प्यायला उठले तर खाली आईच्या अक्षरात एक ओळ वाढलेली: ‘तक्रार असल्यास खाऊ नये.’