ठमीची शी आणि माझी वही

आमच्याकडे सकाळी पेपर सगळ्यात आधी मी बघते, पण कालचा, आणि तोही पिंजऱ्याच्या तळाचा. चहा हातात, चष्मा नाकावर, वाकून शी मोजतेय, असा माझा फोटो नवऱ्याने फॅमिली ग्रुपवर टाकलाय, सासूबाईंनी त्याला नमस्काराचा इमोजी दिला. असो.

ठमी म्हणजे आमची कॉकटील, पोपटाचीच एक छोटी जात. पोपट म्हटलं की लोकांना हिरवा राघू आठवतो, आमच्या आजोळी होता, पेरू आणि मिरच्या खायचा, पण तो घरात पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. ठमीचं मूळ ऑस्ट्रेलियाचं, राखाडी अंग, गालावर नारिंगी टिकली, आणि स्वभाव एकदम आत्याबाई.

ती आली तेव्हा मला वाटायचं पक्ष्याची शी म्हणजे एक पांढरा-हिरवा ठिपका, संपलं. पण त्यात तीन गोष्टी असतात. मधली हिरवी किंवा चॉकलेटी वेटोळी ती खरी शी, तिच्यावरची पांढरी टोपी किडनीतून येते, तिला युरेट म्हणतात, आणि आजूबाजूला कागद ओला होतो ती लघवी. सगळं एकाच दारातून. हे कळेपर्यंत मी दोनदा उगाचच घाबरून घेतलं. पहिल्यांदा कागदावर लालभडक डाग, मी रडायच्या बेतात, आणि मग आठवलं की आदल्या संध्याकाळी बाईसाहेबांनी माझ्या ताटातली बीटाची कोशिंबीर चोरली होती. दुसऱ्यांदा सगळं पाणीच पाणी, मी म्हटलं जुलाब झाले, तर ती काकडीची करामत. काकडी, कलिंगड खाल्लं, अंघोळ झाली किंवा घाबरली की लघवी वाढते, पण मधली वेटोळी नीट असते. वेटोळीच पातळ पिठल्यासारखी पसरली तर ते जुलाब. आणि काकडी-बिकडी काही न देता दुसऱ्या दिवशीही पाणीच चालू असेल, वर पक्षी पाणीही जास्त पीत असेल, तर दाखवायला न्यायचं. सकाळची पहिली शी मोठी असते, रात्रभर धरून ठेवलेली, तिला घाबरू नका. मादी अंड्यावर बसली असेल तर विचारूच नका, आकारही मोठा आणि वासही.

खरी चूक झाली ती मात्र मी अजिबात घाबरले नाही तेव्हा. कुठेतरी वाचलं की नुसत्या बियांवर पक्षी नीट पोसत नाही, पेलेट, म्हणजे पक्ष्यांसाठी मिळणाऱ्या तयार खाण्याच्या गोळ्या, द्यावेत, ते खरंही आहे, पण मी काय केलं तर एका सोमवारी बियांची वाटी उचलली आणि पेलेटची ठेवली. वाटी रोज थोडी खाली जायची, मी खूश, म्हटलं शहाणी गं माझी. शी लहान झालेली दिसत होती, गडद हिरवी, पण मला वाटलं नवीन खाण्याचा रंग असेल आणि बरं झालं, घाण कमी. शुक्रवारी ती फुगून चेंडूसारखी बसली आणि हाक मारली तरी शीळ घालेना तेव्हा पोटात गोळा आला. घराजवळचे डॉक्टर कुत्री-मांजरंच बघतात, म्हणून रिक्षाने तासभर लांब पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी आधी काट्यावर ठेवलं, ९२ ग्रॅमची ठमी ८० वर आलेली, आणि मी नेलेला कागद बघून म्हणाले, ताई, ही खातच नाहीये. ती पेलेट चोचीने चुरून भुगा करून खाली पाडत होती. पोटात अन्न नसलं की नुसतं पित्त उतरतं, म्हणून इवलीशी, गडद हिरवी शी. नळीने पातळ खाणं भरवलं, उबेत ठेवायला सांगितलं, आणि पेलेट बियांत मिसळून काही आठवड्यांत हळूहळू वाढवायचे म्हणाले. घरी येऊन राळ्याचं कणीस टांगलं तर अशी तुटून पडली की मला माझीच लाज वाटली. बियांच्या वाटीचाही असाच घोटाळा होतो बरं का, वर नुसती टरफलं असतात आणि आपल्याला वाटी भरलेली दिसते, फुंकर मारून बघायचं.

तेव्हापासून वही आहे. ठमीच्या दिवसाला ३०-३५ होतात, तुमच्या पक्ष्याचा आकडा वेगळा असेल, बजीच्या, म्हणजे त्या चिमुकल्या बजरीगर पोपटांच्या, जास्त, मोठ्या पोपटाच्या कमी. आकडा निम्म्यावर आला की मी काटा काढते, किचनमधलाच, केक करायचा. वजन दहा टक्के उतरलं तर सरळ फोन. तळाला साधा कागद हवा, भुसा घातला की काही दिसत नाही.

बाकी काही गोष्टींत मी वाट बघणार नाही. डांबरासारखी काळी शी, किंवा ताजं रक्त. शीमधून अख्ख्या बिया बाहेर येणं, म्हणजे खाल्लेलं पचतच नाहीये. पांढरी टोपी पिवळी किंवा पोपटी होणं, त्यात लिव्हरचं दुखणं असू शकतं किंवा सिटॅकोसिस, हा पक्ष्यांचा जंतूंमुळे होणारा आजार, तो माणसालाही होतो, म्हणून मास्क लावून कागद ओला करून उचला, सुका झटकू नका. आणि मादी शेपूट वरखाली करत कुंथतेय, शी नाही, पोट टम्म, तर अंडं अडकलेलं असू शकतं, तिथे सकाळपर्यंत थांबायचं नाही. आपल्या कपाटातल्या अँटिबायोटिकचा तुकडा पाण्यात घालून देणाऱ्यांना मी हात जोडते. पक्षी आजार लपवतो, तो फुगून पिंजऱ्याच्या तळाशी बसला म्हणजे दुखणं बरेच दिवसांचं आहे. जाताना ताज्या शीचा कागद न्या, निदान फोटो तरी. माझ्या फोनमध्ये बाळांपेक्षा शीचे फोटो जास्त आहेत.

पेलेट ती आता खाते, पण एका अटीवर, आधी मी माझ्या ताटातले खायचं नाटक करायचं, मच मच आवाजासकट. हे टाईप करताना खांद्यावर एक पडलीये. हिरवी, वर पांढरी टोपी, छान आहे. आजची एकोणिसावी.