आमची वाटचाल : बुक्क्याच्या मसाल्याची बत्ती

नमस्कार मंडळी. बरेच जण विचारतात की ताई तुमची अगरबत्ती एवढी महाग का, आणि दुकानातल्यासारखी एकदम सरळ गुळगुळीत का नसते, प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा म्हटलं एकदा सगळं पहिल्यापासून लिहूनच टाकू.

आम्ही पंढरपूरचे. वारीला आलेला माणूस चुरमुरे, पेढे, बुक्का आणि अगरबत्तीचा पुडा घेतल्याशिवाय माघारी जात नाही हे तुम्हाला माहीतच आहे. २००९ ला लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना मामी म्हणतो, दुसऱ्यासाठी कच्ची बत्ती वळायच्या. व्यापारी काड्या, कोळशाची भुकटी आणि जिगट, म्हणजे चिकटवायची पूड, घरी आणून टाकायचा, मामींनी भिजवायचं, वळायचं, वाळवायचं, आणि हजारावर मजुरी. दिवसाला तीन-साडेतीन हजार काड्या व्हायच्या. हात कोपरापर्यंत काळे. त्या बत्तीला वास काहीच नसायचा, पुढे कुठेतरी ती सेंटमध्ये बुडवून वाळवायची आणि मग पुड्यात भरायची. म्हणजे अख्खा दिवस अगरबत्ती करणाऱ्या बाईच्या घरात अगरबत्तीचा वास नाही, हे मला फार लागायचं.

मग मशीन आल्या. मशीन मिनिटाला शंभर-दीडशे काड्या टाकते, त्यात व्हिएतनामवरून तयार कच्ची बत्ती यायला लागली, व्यापारी म्हणाला मावशी आता हाताची परवडत नाही. एका महिन्यात काम बंद. घरात पाट तसाच पडून.

आता यात एक गोष्ट होती. मामींच्या माहेरी बुक्का करायचे. आजी जात्यावर दळायच्या, मामी लहानपणापासून त्यातच वाढलेल्या. नागरमोथा, वाळा, दवणा, मरवा, गव्हला, कचोरा, कापूरकाचरी, हे सगळं त्यांना डोळे मिटून नुसत्या वासावर ओळखता येतं. एकदा संध्याकाळी दिवा लावताना मी सहज म्हटलं, मामी, बुक्क्याचाच मसाला काडीवर बसवला तर? त्या एवढंच म्हणाल्या, बसंल की, पण जळायला पाहिजे. आमच्या धंद्याची सुरुवात ती. साल २०१५.

आणि जळतच नव्हतं. पहिले सात-आठ महिने नुसते प्रयोग. नागरमोथ्याच्या गाठी म्हणजे चिवट मुळं, जाडसर राहिल्या की बत्ती मधेच विझते, म्हणून मिक्सरनंतर परत खलबत्ता आणि मग वस्त्रगाळ. जिगट म्हणजे मैदालकडीच्या झाडाची साल दळलेली, पाण्यात कालवली की चिकट होते, बत्तीला धरून ठेवणारी तीच. ती कमी पडली तर वाळल्यावर मसाला काडीवरून कवचासारखा सुटतो, जास्त झाली तर बत्ती लाकडासारखी कडक होते आणि वासही सालीचाच येतो. आमचं शेवटी किलोला साधारण पाव किलो जिगट असं बसलं, पण तेही प्रत्येक गोणीला थोडं इकडंतिकडं करावंच लागतं. एकदा जिगटमध्ये भेसळ निघाली, पाच किलो माल हातात चुरा झाला, तेव्हापासून नवीन गोणी आली की आधी मूठभर कालवून बघतो. चिमटीत धरून बोटं उघडली की तार निघाली पाहिजे. कोळसा आम्ही थोडाच घालतो, जळत राहण्यापुरता.

सेंटबद्दल पण स्पष्ट सांगते. बाजारातल्या बऱ्याचशा बत्त्या सेंट आणि डीईपीच्या मिश्रणात बुडवलेल्या असतात, डीईपी म्हणजे सेंट पातळ करायचं केमिकल, त्याने खर्च वाचतो. आम्हालाही एकाने सल्ला दिला होता, वर थोडं मारा, वास लांबपर्यंत जाईल. करून बघितलं, खोलीत लावली, अर्ध्या तासात माझं डोकं धरलं. तो कॅन परत केला. आमच्या बत्तीत मसाल्याचाच वास, त्यामुळे पुडा उघडल्यावर फार काही भपकारा येत नाही, पेटवल्यावर येतो. नवीन गिऱ्हाईक इथेच फसतं, पुडा नाकाला लावून बाजूला ठेवतं. आणि चंदन नावाची बत्ती आम्ही करत नाही. खऱ्या चंदनाचा भाव बघता पन्नास रुपयाच्या पुड्यात चंदन बसूच शकत नाही, मग नाव तरी कशाला लावायचं.

वळायची पद्धत एकदा बघण्यासारखी आहे. पाट उतरता ठेवायचा, लगद्याची सुपारीएवढी गोळी काडीच्या वरच्या टोकाला दाबायची, आणि तळव्याने एकाच दमात पुढे रेटायचं, गोळी काडीवरून पसरत पसरत खाली येते आणि धरायला बोटभर जागा सोडून थांबते. परत मागे फिरवायचं नाही, फिरवलं की आत हवा राहते आणि जळताना तिथेच तुटते. मग कोरड्या भुकटीत लोळवून सावलीत. मामींचा तळवा काडीच्या वर असतो तेव्हा हात हलतोय का नाही तेच कळत नाही. आज आमच्याकडे सात बायका आपापल्या घरी वळतात आणि मला गठ्ठा बघून सांगता येतं हा कुणाचा हात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सरकारने अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आणले, हाताने वळणाऱ्यांना त्याने जरा बरं झालं, परत विचारणा सुरू झाल्या. पण २०२० च्या जूनमध्ये बांबूच्या काड्यांवरची आयात ड्युटी १० टक्क्यांवरून २५ टक्के झाली आणि देशातल्या काड्यांचेही भाव चढले. आम्हाला मशीनची गोल काडी चालत नाही, हाताने चिरलेली चौकोनी लागते, तिच्यावर लगदा चांगला धरतो. ती ईशान्येकडून येते, तिथे पाऊस जास्त झाला तर इथे आमचं काम थांबतं.

त्याच वर्षी कोरोना. मार्चमध्ये मंदिर बंद झालं आणि १ जुलैच्या आषाढीला गावात संचारबंदी, पालख्या एसटीने आल्या. आमच्याकडे वारीसाठी केलेला ४० किलो माल खोलीत. मामी रोज दार उघडून बघायच्या आणि काही न बोलता लावून घ्यायच्या. माझ्या नणंदेने पुण्यातल्या तिच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, तिथून चार पुडे, मग दहा, मग कुणाच्या तरी बहिणीने ठाण्याला मागवले. लोक म्हणायचे यंदा वारी नाही, घरात पंढरपूरचा वास तरी येऊदे. दिवाळीपर्यंत ४० किलो संपला. पहिल्या कुरिअरमध्ये निम्म्या बत्त्या तुटून पोचल्या होत्या, तेव्हापासून पुठ्ठ्याच्या नळीत पाठवतो.

पावसाळा मात्र अजून जिंकता आलेला नाही. २०२२ ला बाहेरून खडखडीत वाटलेला माल पुड्यात भरला आणि आतून बुरशी, १२ किलो फेकला. उन्हात टाकावा तर बत्ती वाकते आणि तडकते. आता वेगळी खोली केलीय, चाळण्या आणि पंखा, तरी भर पावसात सहा-सात दिवस लागतातच.

एक विनंती, नैसर्गिक असली तरी धूर तो धूरच. खिडकी उघडी ठेवा, घरात दम्याचं कुणी असेल तर त्यांच्या खोलीत लावू नका. गिऱ्हाईक कमी झालं तरी चालेल.

मामींचा अंगठा आता दुखतो, वळणं बंद केलंय, पण लगदा त्यांनी वास घेऊन "हं" म्हटल्याशिवाय पाटावर जात नाही. चैत्रात ताजा दवणा आला की वर्षाचा एकदम घेऊन सावलीत वाळवतो, यंदाचा झालाय. आषाढीसाठी ज्यांना पुडे पाहिजेत त्यांनी ज्येष्ठ लागायच्या आत सांगून ठेवा, त्यानंतर सांगितलं तर वाळायला दिवस मिळत नाहीत आणि ओला माल मी देणार नाही.