सात किलोचा संसार

यांनी टूथब्रशचा दांडा हॅक्सॉ ब्लेडनं अर्धा कापला, त्या संध्याकाळी माझी खात्री पटली की आता माघार नाही. तोवर मला आतून वाटत होतं, उतरेल हे वेड. आधीची उतरली होतीच: गच्चीवरची भाजी, होमिओपॅथी, बासरी. पण तो कापलेला दांडा तळहातावर घेऊन, त्याचं वजन किती भरेल याचा अंदाज बांधत बसलेला माणूस पाहिला आणि मी निमूट जाऊन माझाही ब्रश आणून दिला.

आम्ही नर्मदा परिक्रमेला निघालो होतो. पायी. वय यांचं सहासष्ट, माझं त्रेसष्ट. गुडघे चारही स्वतःचेच.

नर्मदा अमरकंटकच्या उगमापासून समुद्रापर्यंत 1312 किलोमीटर. ती कायम उजव्या हाताला ठेवून, कुठंही न ओलांडता दोन्ही काठ चालायचे. वळसे धरून तीन हजारांच्या घरात जातं. जुना नेम तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचा. आताची माणसं चार-पाच महिन्यांत करून येतात. आम्ही पाच धरले होते. चातुर्मासात परिक्रमा थांबते आणि कार्तिकी एकादशीनंतर लोक पुन्हा उचलतात, म्हणजे निघायचं तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला. ज्या कुणी हा मुहूर्त ठरवला त्याला सर्वसंगपरित्यागाचं चांगलं ज्ञान असेल, पण त्याच्या घरी दिवाळी कुणी काढत होतं का, हे विचारावंसं वाटतं. कारण सर्वसंग सोडायच्या बरोब्बर आधी सगळा संग सामानसुमानासह आमच्याकडे मुक्कामाला आला. पुण्याहून मुलगा, सून, नातू. ठाण्याहून मुलगी आणि जावई. भाऊबीजेला वन्सं आल्या त्या राहिल्याच. 'तुम्ही निघेपर्यंत आहे मी,' म्हणाल्या.

यांनी आयुष्य पाटबंधारे खात्यात काढलं. नदी म्हटली की इतरांना आरती सुचते, यांना पूररेषा. सरदार सरोवराची उंची 138.68 मीटर झाल्यावर फुगवट्यानं जुना काठ कुठून कुठवर गिळला आणि वाट आता किती आतून जाते, हे ते दिवाळीच्या फराळाला आलेल्या प्रत्येकाला नकाशा पसरून सांगत. बशी नकाशावर ठेवायची नाही, ही अट. जावयांनी एकदा चिवड्याची बशी नेमकी बडवानीवर ठेवली, तर बशी उचलली गेली आणि चिवडाही.

आमची तयारी मात्र खरी होती. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करून आलो होतो. इथं नाशिकला पांडवलेणीच्या पायऱ्या आठवड्यातून तीनदा, सकाळी सोमेश्वरपर्यंत जाऊन-येऊन. पाय तयार होते, घर तयार नव्हतं.

पाच महिने घर बंद ठेवायचं म्हणजे घर पुन्हा एकदा मांडायचंच काम. दुधाचा रतीब बंद, पेपर बंद. तांदळाला बोरिक पावडर, डाळींना एरंडेलाचं बोट. गाद्यांत डांबरगोळ्या. स्कूटरची बॅटरी काढली, भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढला. तेव्हा नेमके पावणेअकरा वाजले होते आणि मग दिवसभर घरात जो तो 'अरे, पावणेअकराच?' म्हणत होता. फ्रिज रिकामा करायचा म्हणून रोज उरल्यासुरल्याचं काहीतरी करायचं, आणि रोज कुणीतरी 'तुम्ही आता जाणार' म्हणून नवा डबा आणून द्यायचं. ते गणित शेवटपर्यंत सुटलं नाही.

केळवणं तर विचारू नका. लग्नाच्या वेळी झाली नव्हती इतकी आता झाली. वाटेत खायला मिळणार नाही अशी प्रत्येकाची ठाम समजूत. खरं तर नर्मदेच्या काठी परिक्रमावासीला उपाशी झोपू देत नाहीत. आश्रमात भोजनप्रसादी असते, नाहीतर सदावर्त म्हणून कच्चा शिधा मिळतो, आपला आपण शिजवून घ्यायचा. हे मी चार घरी सांगून पाहिलं. चारही घरी उत्तर एकच: 'हो, पण पुरणपोळी थोडीच मिळणार आहे!' मग पुरणपोळी. यांनी सॅकमधून चारशे ग्रॅम कमी केले त्याच आठवड्यात स्वतःवर दोन किलो चढवले. चालताना दोन्ही ओझी पायांनाच उचलायची आहेत, हे मी बोलले नाही. काही गोष्टी अमरकंटकपर्यंत आपोआप उमगतात.

सल्लेही पोटभर मिळाले. जाऊबाईंची बहीण बसनं परिक्रमा करून आली होती, अठरा दिवसांत. तिनं तासभर फोनवर सांगितलं की डासांची जाळी न्याच, स्वेटर दोन न्या, थर्मास न्या, घडीची खुर्ची मिळाली तर उत्तमच. हे शेजारी बसून एकेका वस्तूचं वजन मनात मिळवत होते, ते चेहऱ्यावर दिसत होतं. सॅक सात किलोच्या वर जाऊ द्यायची नाही, हा यांचा कायदा. भांडी बाजारातून आणलेला हुकाचा काटा दाराच्या कडीला टांगलेला असे आणि रात्री जेवणं झाली की तपासणी. माझी सॅक एकदा सात किलो तीनशे भरली.

'काय आहे हे?'

'मेतकूट.'

'पाव किलो?'

'अहो, थंडीत मऊ भातावर…'

शेवटी शंभर ग्रॅमवर तडजोड झाली, आणि उरलेल्यातलं पन्नास मी सुती साडीच्या घडीत ठेवलं, ते यांना हे वाचूनच कळेल. औषधांचा हिशेब त्याहून अवघड. दोघांच्या मिळून रोज तीन गोळ्या, दीडशे दिवस, म्हणजे साडेचारशे. औषधवाल्यानं चष्म्यावरून पाहिलं. अर्ध्या बरोबर घेतल्या, अर्ध्या मुलगा पुढच्या मुक्कामी कुरिअरनं पाठवणार.

आमच्याकडच्या मावशी सुरगाण्याकडच्या. पगाराचा विषय काढायला मला संकोच वाटत होता, कारण या वेळी पाच महिन्यांचा खाडा आमचाच होता. आठवड्यातून एकदा येऊन झाडायचं, तुळशीला पाणी घालायचं, पगार अर्धा, असं ठरलं. मग त्यांनी विचारलं, 'चालत का जाता? गाड्या नाहीत का तिकडं?' मी नवस, नेम, परंपरा असं काहीबाही बोलायला लागले, तर त्या हसल्या. त्या दर चैत्रात वणीच्या गडावर पायी जातात. दहा-बारा बायका, एकेक कापडी पिशवी. जाता जाता त्यांनी माझी सॅक एका हातानं उचलून पाहिली आणि खाली ठेवली. 'ताई, येवढं काय घेतलं ह्यात?' त्या दिवशी काट्यापुढं उभं राहायची मला लाजच वाटली.

हयातीच्या दाखल्याचं प्रकरण वेगळंच. पेन्शनरनं नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचं कळवायचं असतं, आणि नोव्हेंबर संपेल तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात कुठंतरी धुळीत असणार. म्हणून दिवाळीच्या सुट्ट्या संपता संपता बँकेत गेलो. माझं झटकन झालं. यांचा अंगठा मशीन घेईना. डावा झाला, उजवा झाला, बोटं झाली. 'काका, ठसे पुसट झालेत,' बँकेतली मुलगी म्हणाली. तिनं ओला रुमाल दिला, मग कोरडा दिला. मागं रांग. यांनी शांतपणे विचारलं, 'बायको साक्षीला चालेल का?' चालत नव्हती. शेवटी घरी येऊन मुलानं फोनवरच्या अ‍ॅपनं चेहऱ्याची ओळख घेतली. त्यात माणूस खरा आहे की फोटो, हे कळण्यासाठी पापण्यांची उघडझाप करायला सांगतात. हे सोफ्यावर ताठ बसून कॅमेऱ्याकडे पाहत डोळे मिचकावत होते, नेमकं समोर मी, आणि वन्सं देवघरातून बाहेर येत होत्या. 'या वयात!' त्या म्हणाल्या. पण दाखला आला.

नातवाला मात्र एकच प्रश्न: नदी ओलांडायची नाही तर पलीकडच्या काठावर जायचं कसं? शब्दांनी पटेना. मग यांनी सुनेची निळी ओढणी हॉलमध्ये लांबच लांब अंथरली. टीव्हीपाशी अमरकंटक, बाल्कनीच्या दाराशी समुद्र, फ्रिजसमोर शूलपाणीची झाडी. ओंकारेश्वर म्हणून मधे एक चौरंग. नातू निघाला, ओढणी उजवीकडे ठेवून, हातात यांची काठी, तोंडानं 'नर्मदे हर'. फ्रिजपाशी अंमळ रेंगाळला, तशीच परंपरा असावी. समुद्रापाशी यांनी सांगितलं की इथं कठपोरहून मिठीतलाईपर्यंत बोटीनं खाडी पार करतात, तेवढीच सूट. मग तो सुपात बसून पलीकडे ओढला गेला. परत येताना टीव्हीपाशी त्याला समोरच्या काठावर चकलीचा डबा दिसला आणि त्यानं ओढणीवरून सरळ उडी मारली.

'मोडली परिक्रमा!' आत्या ओरडली.

'मी बोटीनं गेलो,' चकली तोंडात.

हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. नियम सगळे पाठ असून पळवाट इतक्या लवकर कुणी काढली नव्हती.

त्याच रात्री सगळे झोपल्यावर मी एका वहीत लिहायला बसले. लॉकरची किल्ली कुठं, विम्याचे कागद कुठं, सोसायटीचे चेक कुणाकडे, घरपट्टी कधी. माझ्या सोन्याच्या पाटल्या कुणाला, तेही लिहिलं, कारण हात चालू होता. सकाळी मुलानं ते पान वाचलं. 'आई, असं काय लिहितेस?' म्हणाला. मी म्हटलं, 'अरे, घरपट्टीची तारीख विसरशील म्हणून.' त्यानं वही मिटली आणि उगाच जाऊन बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घातलं. तिला मी तासापूर्वीच घातलं होतं.

त्याच तुळशीचं लग्न लावून दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. परिक्रमेला निघताना मुंडण करतात, त्याचं दडपण होतं का, असं जावयांनी यांना हळूच विचारलं. तो प्रश्न निसर्गानं बराचसा आधीच सोडवलेला आहे. नाशिकरोडला सगळे पोहोचवायला आले, जणू आम्ही खंडव्याला नाही, काशीला निघालो होतो, तेही जुन्या काळातल्या. यांच्या सॅकचं वजन सहा किलो आठशे. आयुष्यात एवढं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

गाडीची घोषणा झाली आणि वन्संनी पदराआडून डबा काढला. स्टीलचा, कडीचा, दोन पुडांचा.

'डिंकाचे लाडू. चालायचंय तुम्हाला.'

यांनी डबा हातात घेतला. एकदा वर-खाली केला. 'ताई, स्टीलचा डबा?'

'मग काय प्लॅस्टिकच्या पिशवीत देऊ? लहान होतास तेव्हा डबा न घेता शाळेत गेला नाहीस कधी.'

फलाटावर कुणी काही बोलेना. मी नजर रुळांकडे वळवली. यांनी सॅक खाली ठेवली, उघडली, डबा बसेना म्हणून पावसाळी जाकीट बाहेर काढून कमरेला बांधलं आणि डबा आत दाबला. मग खिशात हात घालून तो हुकाचा काटा काढला (बरोबर घेतला होता, हे मलाही माहीत नव्हतं) आणि मुलाच्या हातात दिला.

'हा घरी घेऊन जा.'

गाडी सुटली. लासलगाव यायच्या आत डब्यातले दोन लाडू कमी झाले होते. 'तेवढंच हलकं,' हे म्हणाले आणि तिसऱ्याला हात घातला.