शाळा व्यवस्थापन समितीत मी काय करू इच्छितो

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर शिक्षणतज्ज्ञ सदस्य म्हणून पालकांनी माझे नाव सुचवले आणि मी ते आनंदाने स्वीकारले. नोकरीची सगळी वर्षे बीड जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांमध्ये गेल्यामुळे या कामात आधी काय आणि नंतर काय, याबद्दल माझी मते बरीच पक्की झाली आहेत. ती पालकांना आणि शिक्षकांना आधीच ठाऊक असावीत, म्हणून येथे मांडतो.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे त्याच्या कलम २१ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदान कसे खर्च होते हे पाहणे, ही कामे कायद्याने ज्यांच्याकडे सोपवली त्यांत रोजंदारीवर जाणारी आईसुद्धा आहे. प्रत्यक्षात मात्र अनेक गावांत बैठक सकाळी अकराला ठेवली जाते, त्या वेळी ती आई शेतात खुरपत असते आणि मग इतिवृत्ताची वही संध्याकाळी सहीसाठी तिच्या दारात जाते. ठरावात काय लिहिले आहे, हे तिला कोणी वाचून दाखवत नाही. म्हणून माझा पहिला आग्रह बैठकीच्या वेळेबद्दल राहील. बैठक मजुरीवरून माणसे परतल्यावर व्हावी, ठराव मोठ्याने वाचून दाखवावा आणि मगच सह्या घ्याव्यात.

बैठकीत बोलायचे कशावर, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. रंगरंगोटी, कुंपण आणि स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम यांवर तासभर चर्चा होते. तिसरीतल्या किती मुलांना धडा वाचता येतो, हे कोणी विचारत नाही. केंद्र सरकारने २०२१ साली निपुण भारत अभियान सुरू केले, त्याचा गाभाच मुळी हा आहे की तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावे आणि साधी गणिते करता यावीत. हे पाहण्यासाठी पालकाला स्वतः साक्षर असण्याचीही गरज नाही. पुस्तकातला न शिकवलेला परिच्छेद मुलाला वाचायला द्यावा. ‘घर’, ‘कमळ’ सरळ वाचणारे मूल ‘प्रश्न’ किंवा ‘स्वच्छ’ या शब्दापाशी थांबते, चित्राकडे पाहते आणि अंदाजाने भलताच शब्द म्हणते. वाचून झाल्यावर गोष्टीत काय घडले असे विचारले की गप्प बसते. ते थांबणे आणि ती शांतता कोणत्याही आईला कळते. अशी पडताळणी दर तीन महिन्यांनी समितीसमोर व्हावी, पण तिचा हेतू शिक्षकाला पकडण्याचा नसावा. कोणत्या मुलाला जास्तीचा वेळ हवा, हे त्यातून ठरावे. शिक्षकही अहवाल आणि ऑनलाइन माहिती भरण्यात गुंतून पडतात, तेव्हा त्यांचा वर्गातला वेळ वाचवण्यासाठी समितीने वरिष्ठांकडे लेखी आवाज उठवला पाहिजे.

आमच्या भागात मात्र सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय ऊसतोडीचा आहे. पावसाळा संपत आला की मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. बरोबर गेलेले मूल फडावर धाकट्या भावंडाला सांभाळते. परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. त्यावर हंगामी वसतिगृहाची सोय आहे: मूल गावात आजीजवळ राहते आणि त्याच्या जेवणाची व्यवस्था शाळेमार्फत होते. ही सोय समितीच्या हालचालीवर अवलंबून असते, आणि टोळ्या निघून गेल्यावर केलेल्या हालचालीचा उपयोग नसतो. उचल घेतलेल्या घरांची यादी पोळ्याच्या सुमारासच तयार व्हावी, प्रत्येक घरी जाऊन आजी-आजोबांशी बोलणे व्हावे आणि मुलींच्या बाबतीत रात्रीच्या सुरक्षिततेची चौकशी आधी व्हावी, कारण आई मुलीला मागे ठेवत नाही ती बहुतेकदा याच भीतीने. जे मूल तरीही जाईल, त्याच्याबरोबर दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून असलेले शिक्षण हमी कार्ड द्यावे आणि ते ज्या भागात जाईल तिथल्या जवळच्या शाळेशी मुख्याध्यापकांनी फोनवर बोलावे.

पैशांबद्दल थोडेच सांगतो. शाळेच्या खर्चासाठी सरकारकडून मिळणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानाची रक्कम पटसंख्येवर ठरते आणि आमच्यासारख्या लहान शाळेला ती तुटपुंजीच मिळते. तिचा जमाखर्च शाळेच्या फळ्यावर लिहिला जावा आणि खर्चात मुलींच्या स्वच्छतागृहाचे पाणी सर्वांत आधी यावे.

शिक्षकांच्या बदल्या, ठेके आणि गावातले गट यांत मी पडणार नाही. येत्या बैठकीसाठी मी मुख्याध्यापकांकडे दोनच विषय दिले आहेत: तिसरी ते पाचवीच्या मुलांची वाचन पडताळणी आणि यंदा ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी.