पहिल्या संलग्नीकरण पत्रासाठी चौदा महिने : माझा अनुभव

आमचं कॉलेज १९७१ सालचं आहे, हे गावात कुणालाही विचारा, सांगेल. तेच कागदावर सिद्ध करायला मला चौदा महिने लागले. त्यातले अकरा महिने विद्यापीठातल्या एका टेबलापुढे गेले आणि त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही. पन्नाशी ओलांडलेली अशी कॉलेजं तालुक्या-तालुक्यात आहेत, आज ना उद्या त्यांच्यावरही ही वेळ येईल, म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

मी तालुक्याच्या गावच्या कॉलेजात इतिहास शिकवते. नॅकच्या, म्हणजे कॉलेजांची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, मूल्यांकनाची तयारी सुरू झाली तेव्हा ‘संस्थेचा इतिहास आणि वाटचाल’ हे काम अर्थातच माझ्याकडे आलं, आणि त्यासोबत स्थापनेची सगळी कागदपत्रंही. तिथे गाठ पडली ती नावाची. कॉलेज सुरू झालं ते ‘आर्ट्स अँड कॉमर्स कॉलेज’ म्हणून. १९८४ साली विज्ञान शाखा आली, इमारतीसाठी मोठी देणगी मिळाली आणि देणगीदारांच्या आईचं नाव कॉलेजला दिलं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २ (एफ) आणि १२ (बी) या कलमांखालच्या मान्य महाविद्यालयांच्या यादीत मात्र जुनंच नाव राहून गेलं होतं. ते दुरुस्त करायचं तर ‘दोन्ही नावांचं महाविद्यालय एकच’ असं विद्यापीठाचं पत्र हवं, आणि त्या पत्रासाठी १९७१ चं मूळ संलग्नीकरण पत्र, म्हणजे कॉलेज विद्यापीठाला जोडून घेतल्याचं पत्र, हवं. आमच्याकडचं वाळवीने खाल्लेलं. फाइलचं पुठ्ठ्याचं कव्हर तेवढं शाबूत होतं.

हे पत्र एवढं महत्त्वाचं का, ते सांगते. यूजीसी कायद्यातलं १२ बी हे कलम १७ जून १९७२ पासून लागू झालं. त्या तारखेनंतरच्या महाविद्यालयांना आपण अनुदानाला पात्र आहोत हे स्वतंत्रपणे ठरवून घ्यावं लागतं. आम्ही त्या तारखेच्या एक वर्ष आधीचे. म्हणजे स्थापनेचं वर्ष हा नुसता अभिमानाचा विषय नव्हता.

धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकचा (संस्थेच्या नोंदणीचा) उतारा, घटनेची प्रत, विश्वस्तांचे फेरफार हे सगळं पंधरा दिवसांत हाती आलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता ते टेबल. पहिल्या खेपेला मी प्राचार्यांचं पत्र घेऊन गेले. एसटीने जायला चार तास, तिथे पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी. तीन वाजता भाऊसाहेब जागेवर आले, पत्र वाचलं आणि म्हणाले, “मॅडम, मूळ पत्राची झेरॉक्स जोडा, म्हणजे शोधता येईल.” मी म्हटलं, “झेरॉक्स असती तर मी आलेच नसते.” ते म्हणाले, “निदान जावक क्रमांक तरी द्या.” तो क्रमांक त्याच पत्रावर असणार, हे मी तीन वेगवेगळ्या शब्दांत समजावून सांगितलं. “बघतो, पुढच्या आठवड्यात फोन करा.”

फोन कुणी उचलत नसे. दुसऱ्या खेपेला ते रजेवर. तिसऱ्या खेपेला रेकॉर्ड रूमची किल्ली ज्यांच्याकडे, ते परीक्षा विभागात. चौथ्या खेपेला टेबलावर नवीन माणूस, आणि आमचा अर्ज सापडेना. सुदैवाने पोच घेतलेली होती. (कुठलाही कागद दिलात तरी आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय जागचं हलू नका.) नव्या माणसानेही पहिलं वाक्य तेच उच्चारलं, “मूळ पत्राची झेरॉक्स आणली आहे का?” त्या दिवशी परतीच्या एसटीत मला रडू आलं. प्रश्न माझ्या एकटीचा नव्हता. पन्नास वर्षं जिथे पोरं शिकली त्या कॉलेजचा जन्मदाखला एका कार्यालयाने सांभाळायचा, आणि तो हरवल्याची खंत तिथे कुणालाच नव्हती.

या सगळ्या वाट बघण्यात एक चांगलं झालं. मी आमचं स्वतःचं दप्तर मुळापासून वाचून काढलं. कार्यकारी मंडळाच्या प्रोसिडिंग बुकात १९७० चा ठराव मिळाला, ‘येत्या जूनपासून महाविद्यालय सुरू करणेस मंजुरी देणेत येते.’ खाली सात सह्या आणि एक अंगठा. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली कॉलेज काढलं, औरंगाबादेत डॉ. आंबेडकरांनी १९५० साली मिलिंद महाविद्यालय उभं केलं, १९५९ पासून ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची फी) सवलत मिळू लागली, आणि मग तालुक्याच्या गावांनाही आपलं कॉलेज असावं असं वाटू लागलं. आमच्याकडे साखर कारखान्याने उसाच्या बिलातून टनामागे थोडी रक्कम शिक्षण निधीत घेतली. हायस्कूलच्या खोल्या सकाळी सात ते अकरा मोकळ्या असायच्या, तेवढ्या वेळेत कॉलेज भरायचं.

विद्यार्थ्यांच्या प्रवेशनोंदीचं जनरल रजिस्टर मी दोन दिवस सोडलंच नाही. पहिल्या पानावर एकही मुलगी नाही. पहिली मुलगी तिसऱ्या पानावर, वडिलांचा व्यवसाय ‘शिंपीकाम’. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने ‘ई.बी.सी.’ ओळीने लिहिलेलं. आणि १९७२-७३ च्या पानांवर एकाच हस्ताक्षरात पुन्हा पुन्हा, ‘दुष्काळी कामावर गेल्याने नाव कमी केले.’ त्यातली काही नावं दोन वर्षांनी नव्या क्रमांकाने परत आलेली दिसतात. मी वर्गात १९७२ चा दुष्काळ इतकी वर्षं शिकवते आहे, पण तो असा रकान्यात लिहिलेला पहिल्यांदाच पाहिला. १९७५ ला दहावी-बारावीचा नवा आकृतिबंध आला, अकरावी कॉलेजात आली आणि हायस्कूलच्या खोल्या पुरेनाशा झाल्या. स्वतःची इमारत उभी राहिली ती त्या रेट्यामुळे. १९८३ नंतर आजूबाजूला विनाअनुदानित संस्था निघाल्या, आमचं कला-वाणिज्य अनुदानावरच राहिलं.

पाचव्या खेपेनंतर मी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला. जोडपत्र ‘अ’, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, म्हणून आधी नीट ठरवा काय मागायचं ते. माझी चूक अशी की मी फक्त ‘पत्राची प्रत’ मागितली. एकोणतिसाव्या दिवशी उत्तर आलं, ‘सदर कागदपत्र अभिलेखात आढळून येत नाही.’ पहिल्यापासून अभिलेखाचं अवलोकन मागायला हवं होतं. तो हक्क कायद्यात आहे आणि पहिल्या तासाला फी नाही. दुसरी गोष्ट, जे सापडत नाही ते कोणत्या वर्गातलं होतं आणि नष्ट केलं असेल तर कधी, कुणाच्या आदेशाने, हेही विचारा. अभिलेखाचे अ, ब, क असे वर्ग असतात, आणि ‘अ’ वर्ग कायम जपायचा असतो. कॉलेजचं संलग्नीकरण कायम जपायचं नाही तर काय जपायचं?

प्रथम अपील केलं, वीस रुपयांचा स्टॅम्प. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि रेकॉर्ड रूम दाखवण्याचा आदेश दिला. इतक्या महिन्यांत माझं पूर्ण वाक्य ऐकून घेणारे ते पहिलेच.

रेकॉर्ड रूममध्ये लाल कापडात बांधलेले गठ्ठे. १९७४ च्या आधीचा एकही नाही. मी जिन्यावर बसले होते, तेव्हा गठ्ठे काढून देणारे वयस्कर शिपाईमामा म्हणाले, “मॅडम, तुम्ही पत्र शोधताय. पण पत्राच्या आधी ठराव होतो ना? त्या वेळी सभांचे ठराव छापायचे. ग्रंथालयात बघा.”

ग्रंथालयाच्या तळघरात अधिकार मंडळांच्या कार्यवृत्तांचे बांधीव खंड वर्षवार लावलेले होते. १९७१ चा खंड उघडला आणि वीस मिनिटांत आमच्या गावाचं नाव समोर आलं. ठराव क्रमांक, तारीख, दोन शाखा, विद्यार्थिसंख्येची मर्यादा, सगळं छापील. शेजारच्याच कपाटातल्या वार्षिक अहवालात संलग्न महाविद्यालयांच्या यादीतही आमचं नाव होतं. अकरा महिने मी ज्या टेबलापुढे उभी होते, तिथून ग्रंथालय चालत पाच मिनिटांवर आहे.

साक्षांकित प्रत घेऊन त्याच टेबलापाशी गेले. “हे पत्र नाही, ठराव आहे,” असं ऐकावं लागलंच. या वेळी मी बसून राहिले, अपिलाचा आदेश पुढे ठेवला आणि कुलसचिवांच्या नावे लेखी निवेदन दिलं. तीन आठवड्यांत ‘दोन्ही महाविद्यालये एकच’ असल्याचं पत्र आलं. प्राचार्यांनी ते मला वाचायला दिलं तेव्हा माझे हात थरथरत होते, आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

राहिलेल्या गोष्टी आठवतील तशा सांगते. आयआयक्यूए (नॅककडे पाठवायचा पहिला माहिती-अर्ज) भरायच्या आधीच नावाचा घोळ मिटवा, कारण आमच्या वेळी ते स्वीकारलं गेलं की स्वयं-अध्ययन अहवालाला फक्त ४५ दिवस मिळत होते. निवृत्त प्राध्यापकांच्या पेन्शन फाइलींत जुन्या मान्यतांच्या प्रती निघतात, आमच्या १९८४ च्या नामांतराचं पत्र तसंच मिळालं. जुनं रजिस्टर झेरॉक्स मशीनवर उलटं दाबू नका, शिवण तुटते. मोबाइलने फोटो काढा. लॅमिनेशन तर मुळीच नको. आणि प्रत्येक खेपेला प्राचार्यांचं प्राधिकारपत्र नव्या तारखेचं न्या, माझी सहावी खेप जुन्या तारखेमुळेच वाया गेली.