सॅराटोगाचं गार सोडावॉटर

झरा म्हटलं की आईच्या डोळ्यांसमोर वाफाच येतात. तिचं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. तुरळ, राजवाडी, आरवली या सगळ्या गरम पाण्याच्या जागा तिच्या ओळखीच्या. उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे ही आपल्याकडची नावंसुद्धा तेच सांगतात, ऊन पाणी. म्हणून न्यू जर्सीतल्या एडिसनहून निघताना मी म्हटलं, "सॅराटोगाला औषधी पाण्याचे झरे आहेत, बघू या," तर तिने पिशवीत टॉवेल, जुनी साडी आणि खोबरेल तेलाची बाटली भरली. ते झरे गार आहेत हे तिला आधी सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. खरं सांगायचं तर मुद्दामच राहून गेलं.

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार होता. 87 क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेला साडेतीन तास. ऑल्बनी मागे पडलं की पुढे पन्नासेक किलोमीटरवर न्यूयॉर्क राज्यातलं सॅराटोगा स्प्रिंग्ज गाव लागतं आणि त्याच्या दक्षिणेला सॅराटोगा स्पा स्टेट पार्क. पार्क म्हणजे आपली घसरगुंडीवाली बाग नव्हे. दोन हजार एकरांहून मोठा पसारा आहे हा. त्यात गोल्फची मैदानं, पोहण्याचे तलाव, पायवाटा, हॉटेल, संगीताचं भलंथोरलं खुलं नाट्यगृह, आणि या सगळ्याच्या मधोमध खळाळणारा गायझर क्रीक नावाचा ओढा. पाइनच्या उंच झाडांच्या दुतर्फा रांगांमधून गाडी आत शिरली तेव्हा आई म्हणाली, "हे कुणा राजाचं होतं का गं?" राजाचं नव्हतं, पण हा प्रश्न पडावा असंच ते सगळं दिसतं.

गाडी लावून ओढ्याकाठच्या पायवाटेला लागलो. मेपलची लाल-पिवळी पानं पायाखाली, हवेत बोचरा गारवा. वळणावर लेक ओरडला, "आजी, नळ फुटलाय!" ओढ्याच्या पात्रात मधोमध एक पांढुरका-पिवळा उंचवटा आणि त्याच्या डोक्यातून माणसापेक्षा उंच उडणारी पाण्याची धार. हा आयलंड स्पाउटर. लोक त्याला गायझर म्हणतात, पण खरा गायझर वाफेच्या जोरावर उडतो. हा उडतो कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर. सोड्याची बाटली हलवून बूच काढावं तसा. तो उंचवटाही पाण्यानेच बांधलेला आहे. वायू निघून गेला की पाण्यातला चुना खाली बसतो आणि थरावर थर चढत जातात. आई बराच वेळ धारेकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "वाफ दिसत नाही."

मग मात्र सांगावंच लागलं.

या गावाखाली खोलवर डोलोमाइटसारखे चुनखडीचे खडक आहेत आणि त्यांच्यावर शेलचं, म्हणजे चिकणमातीच्या दगडाचं, घट्ट झाकण. खडकातलं पाणी आणि वायू त्या झाकणाखाली कोंडून राहतात. पण इथून एक मोठा भ्रंश जातो, जमिनीतली चीर म्हणा, आणि तिच्या आधाराने हे फसफसतं पाणी वर येतं. वाटेत भेटेल ते क्षार सोबत घेतं: मीठ, खायचा सोडा, चुना, मॅग्नेशियम, लोह. किंचित रेडियमसुद्धा असतं. झरे एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, पण प्रत्येकाची चव निराळी.

चवीचा मान पहिल्यांदा हेज वेल नावाच्या झऱ्याला मिळाला. कागदी पेले आम्ही घरूनच आणले होते. नवऱ्याने एक घोट घेतला आणि चेहरा असा केला की लेकाने प्यायचंच नाकारलं. आईने मात्र शांतपणे अर्धा पेला संपवला, क्षणभर थांबली आणि एक भक्कम ढेकर दिली. "इनो आहे हे. वर कुणीतरी चिमूटभर मीठ टाकलंय आणि गंजका खिळा बुडवून ठेवलाय." रसायनशास्त्राची पदवी नसताना इतकं अचूक विश्लेषण मी ऐकलेलं नाही. सोडियम बायकार्बोनेट, सोडियम क्लोराइड, लोह. तिन्ही तिने जिभेवर ओळखले. या झऱ्याशी नुसता वायू हुंगण्यासाठीही एक भोक ठेवलेलं आहे. लेकाने नाक लावलं आणि तिखट वास लागल्यासारखा मागे उडाला. नाकातून गोटीसोडा गेल्यावर होतं ना, अगदी तस्सं.

थोडं पुढे ओरेंडा. हा झरा काठावरून खाली ओढ्यात उतरतो आणि उतरता उतरता त्याने नारिंगी-तपकिरी दगडाची एक मोठी भिंतच रचली आहे, ओल्या वितळलेल्या गुळासारखी दिसणारी. तिथे आईने तो प्रश्न विचारला ज्याची मी सकाळपासून वाट बघत होते: "इथली देवी कुठली?" आपल्याकडे झऱ्यापाशी देऊळ असतंच. इथे कुंड नाही, घंटा नाही, नुसती माहितीची पाटी. मी तिला सांगितलं, ओरेंडा हा इथल्या मूळ रहिवाशांचा, इरोक्वॉ लोकांचा शब्द आहे. सगळ्या सृष्टीत भरून राहिलेली अदृश्य शक्ती असा त्याचा अर्थ. "मग आहे की," म्हणत तिने पाण्याला हात लावून डोळ्यांना लावले.

दुपारी ओढ्याशेजारच्या बाकावर थालीपीठ आणि लसणीची चटणी झाली. आमच्या आसपास सायकली, कुत्री, पाठीवर पोर बांधलेले बाप. पोहण्याचे तलाव हंगाम संपल्याने बंद होते. नाट्यगृहही रिकामं होतं. 1966 पासून उन्हाळ्यात न्यूयॉर्क सिटी बॅले आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा तिथे येतात. आम्हाला दिसल्या त्या रिकाम्या खुर्च्या आणि पानं झाडणारा एक माणूस. गोल्फशी आमच्या घराण्याचा संबंध नाही. मोटारगाड्यांचं संग्रहालय पाण्याच्या बाटल्या भरायच्या जुन्या कारखान्यात आहे, तिथे बापलेक तासभर हरवले. मी आणि आई झाडाखाली बसलो आणि मी तिला या झऱ्यांची जी गोष्ट सांगितली, ती मला गाड्यांपेक्षा फार आवडते.

हे झरे एकदा मरायला टेकले होते. एकोणिसाव्या शतकात इथे श्रीमंतांची रीघ लागायची, पाणी प्यायला आणि घोड्यांच्या शर्यतींना. शतकाच्या अखेरीस काही कंपन्यांच्या लक्षात आलं की पाण्यापेक्षा त्यातल्या वायूला जास्त भाव आहे. शहराशहरांत सोडा फाउंटन, म्हणजे सोड्याची पेयं विकणारी दुकानं, निघत होती, त्यांना कार्बन डायऑक्साइड हवा होता. मग पंप बसले. पाणी उपसायचं, वायू वेगळा करून नळकांड्यांत भरायचा आणि पाणी टाकून द्यायचं! झऱ्यांचा जोर गेला, काही तर आटलेच. अखेर 1908 मध्ये न्यूयॉर्क राज्याने अशा उपशाविरुद्ध कायदा केला आणि 1909 मध्ये झरे राखायला राज्याची राखीव जागा ठरवली. वायूवाल्यांच्या बाजूने प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1911 मध्ये कायदा टिकला. माझ्या जमिनीखालचं पाणी मी हवं तेवढं ओढीन, हे म्हणणं तिथे चाललं नाही. आई म्हणाली, "आपल्याकडे बोअर मारणाऱ्यांना सांग हे कुणीतरी." शेजारच्याने बोअर मारली आणि आमची घरची विहीर मार्चातच तळ दाखवायला लागली, हे दुखणं ती विसरलेली नाही.

तिचा टॉवेल मात्र फुकट गेला नाही. रूझवेल्ट बाथ्स नावाची विटांची दिमाखदार इमारत 1935 ची. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट इथले गव्हर्नर असताना त्यांनी या उपचारकेंद्राचं काम मनावर घेतलं होतं. पोलिओने पाय गेलेल्या त्या माणसाचा पाण्यावर विश्वास होता. तिथे आईसाठी वेळ राखून ठेवली होती. झऱ्याचं पाणी गार, म्हणून टबात गरम पाणी मिसळतात. रंग कोऱ्या चहासारखा, लोहामुळे. स्नानानंतर ती बाहेर आली ती गाल लाल, केस ओले, आणि पहिलं वाक्य: "अगं, अंगभर बुडबुडे चिकटतात! मोत्याची चोळी घातल्यासारखे." गुडघ्याचं काय, विचारलं तर म्हणाली, "गुडघा होता तिथेच आहे. पण मजा आली." तेलाची बाटली तिला आत वापरू दिली नाही, एवढी एक तक्रार.

निघताना दोन बाटल्या भरल्या. एक हेज वेलची, आईच्या हट्टाखातर, गच्च काठोकाठ. दुसरी स्टेट सील नावाच्या झऱ्याची. तो साध्या गोड्या पाण्याचा आहे आणि गावकरी तिथे मोठाले कॅन घेऊन रांगेत उभे असतात. गावात राहणाऱ्याला रोज काय प्यायचं ते बरोबर कळतं. परतीच्या वाटेवर पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा लेकाने पहिल्या बाटलीचं बूच फिरवलं. पुढचं सांगायला नको. आयलंड स्पाउटर मागच्या सीटवर अवतरला. खारट पाण्याचे पांढरे डाग गाडीच्या छतावर अजून आहेत.

अर्धी बाटली उरली ती आईने ओट्यावर ठेवली. सकाळी बघते तर पाणी गढूळ, तळाशी गंजासारखा लालसर गाळ. वायू उडाला, हवा लागली आणि आतलं लोह खाली बसलं. मी ते तुळशीला घालायला निघाले तर आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मिठाचं आहे ते, मरेल ती! मोरीत ओत. आणि दुसरी बाटली दे इकडे, चहा ठेवते."