एम२१६०९१: अवशेष अखेर शून्यावर आला

२,१६,०८९ वर्ग झाले आणि शेवटचा अवशेष शून्य! २^२१६०९१ − १ ही ६५,०५० अंकी संख्या मूळ आहे हे १९८५ पासून सगळ्यांना माहीत आहे, पण स्वतः लिहिलेल्या एलएल (लुकास-लेमर) चाचणीतून ते निघताना बघण्याची मजा वेगळीच. (घातांक p असेल तर s = ४ पासून सुरू करून दर वेळी s चा वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि २^p − १ ने भागून उरणारा अवशेष घ्यायचा; p − २ वर्गांनंतर तो शून्य आला तर संख्या मूळ.) मागच्या नोंदीनंतर घातांक ११०५०३ सुद्धा निघाला. दोन्ही बाजूंचे घातांक १९८२-८३ मध्ये सापडले, हा मात्र मधल्यामध्ये राहून १९८८ मध्ये हाती लागला, म्हणून तो माझा विशेष लाडका.

२१६०९१ ने मात्र जीव खाल्ला. सुरुवातीची शिफ्ट (पहिली संख्या किती बिटं सरकवून ठेवायची ते; उत्तर त्याने बदलायला नको) बदलली की शेवटचा अवशेष बदलायचा, आणि शून्य एकदाही नाही. जीएमपीशी (मोठ्या संख्यांचं अचूक गणित करणारी लायब्ररी, पडताळणीसाठी तिला तोड नाही) टप्प्याटप्प्याने ताडून पाहिलं, तर हजारो वर्ग तंतोतंत जुळायचे आणि मग एकाएकी फाटा फुटायचा. संशय राउंडिंगवर गेला.

हिशोब असा. मोठी संख्या छोट्या खान्यांत तोडून एफएफटीने (फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म, दशांश संख्यांतून झटपट गुणाकार करण्याची रीत) तिचा वर्ग करतो. एफएफटीची लांबी १२२८८, म्हणजे ७१९५ खाने १८ बिटांचे आणि ५०९३ खाने १७ बिटांचे. क्रँडल-फॅगिनची १९९४ ची भारित पद्धत असल्याने २^p − १ ने भागण्याचं काम फुकटात होतं. पण दोन खान्यांचा गुणाकार ३६ बिटांपर्यंत जातो, आणि अशा १२२८८ गुणाकारांच्या बेरजेत आणखी जवळजवळ १४ बिटं चढतात. डबलकडे (दशांश संख्या साठवण्याचा ६४ बिटांचा प्रकार) नेमकेपणाची असतात ५३. उरलेली तीनेक बिटं एफएफटीच्या पायऱ्याच खाऊन टाकतात. चूक ०.५ च्या पुढे सरकली की उत्तर शेजारच्या पूर्णांकावर जाऊन बसतं, आणि तिथून पुढचं सगळं व्यर्थ.

लांबी १६३८४ केली असती तर प्रश्न मिटला असता, पण प्रत्येक वर्गाला तिसऱ्या हिश्श्याने जास्त काम! त्यापेक्षा खाने संतुलित केले: ० ते २^b − १ ऐवजी −२^(b−१) ते २^(b−१). अंक निम्म्याच्या वर गेला की २^b वजा करायचे आणि पुढच्या खान्यात हातचा एक. धन-ऋण पदं एकमेकांना खातात, त्यामुळे बेरीज साधारण लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणातच वाढते. बदल जेमतेम चार ओळींचा. राउंडिंगची चूक एकदम खाली आली. ही पद्धत पहिल्या दिवसापासूनच हवी, असं माझं ठाम मत झालंय.

पुढे ७५६८३९ वर थेट एलएल चालवणार होतो. s − २ चं जाकोबी चिन्ह (+१, ० किंवा −१ येणारं, झटपट काढता येणारं मूल्य) पहिल्या वर्गानंतर कायम −१ राहतं, तेवढीच तपासणी जोडायची होती. पण ती निम्म्याच चुका पकडते. हे लिहितानाच वाटतंय, आधी पीआरपी (संख्या बहुधा मूळ आहे का, एवढंच सांगणारी चाचणी) का नको? M (म्हणजे २^p − १) मूळ असेल तर ३ चा p वेळा वर्ग केल्यावर ९ उरलेच पाहिजेत, आणि या साखळीला गर्बिक्झची २०१७ ची तपासणी लागू पडते. ती जवळजवळ काहीच निसटू देत नाही. ९ आले तरच सिद्धतेसाठी एलएल.

ठरलं, आधी पीआरपी. गर्बिक्झ तपासणीचा ठोकळा (किती वर्गांनी एकदा तपासणीसाठीचा गुणाकार करायचा ते) ५०० चा धरला तर दर अडीच लाख वर्गांनी एक तपासणी, जादा काम ०.४ टक्के. एवढ्या घातांकाला तुम्ही ठोकळा याहून लहान ठेवता का?